सावकाश जाण्याचा हुकूम

सोलापूर हा सपाट मुलूख. बार्शीच्या अंगाला बालाघाटाचे उतार आहेत तेवढेच. बाकी नजर जाईल तिथपर्यंत काळं रान आणि मधूनमधून मुरमाड माळ. पाऊसही बेताचाच, वर्षाकाठी पाचशे ते सातशे मिलिमीटर, तोही लहरी. त्यामुळे दरड कोसळल्याची बातमी आली की ती आपल्याला दुसऱ्या कोणाची तरी वाटते. पण सोलापूर स्टेशनातून मुंबईकडे निघालेली गाडी लोणावळा सोडलं की बोरघाट उतरते. सिद्धेश्वर एक्सप्रेसमधले प्रवासी त्या वेळी गाढ झोपेत असतात, वंदे भारतमधले नाश्ता आटोपून काचेबाहेर बघत असतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे सहा-सात वर्षांत पडेल तेवढा तिथे चार महिन्यांत.

जुलै-ऑगस्टात घाटात गाडी रेंगाळते. कधी वीस मिनिटं, कधी तासभर. डब्यात कुरकुर सुरू होते. एवढं तिकीट मोजलं, एवढी नवी गाडी, आणि चाल ही! १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली तेव्हापासून ही कुरकुर जास्तच ऐकू येते, कारण वेग हेच त्या गाडीचं नाव झालं आहे. या रेंगाळण्याची बाजू मांडावीशी वाटते. दरडीपायी वेगवान गाडी घसरते तेव्हा नेमकं काय घडतं हे पायरीपायरीने पाहिलं, की त्या वीस मिनिटांत काय काय सामावलेलं असतं ते कळतं.

स्कॉटलंडमधल्या कारमाँटच्या अपघाताचा तपास फार बारकाईने झाला आणि अहवाल सगळ्यांना वाचायला खुला आहे, म्हणून सुरुवात तिथून करू. तारीख १२ ऑगस्ट २०२०. गाडीच्या प्रकाराचं नावच हाय स्पीड ट्रेन. ब्रिटनने १९७० च्या दशकात आणलेली, दोन्ही टोकांना डिझेलची पॉवर कार, मध्ये डबे, ताशी २०० किलोमीटरची क्षमता. सकाळी ६:३८ ला अॅबर्डीनहून ग्लासगोकडे निघालेली ही गाडी पुढे रुळावर दरड आल्यामुळे कारमाँटपाशी अडकली. दोन तासांहून जास्त वेळ ती उभी होती. त्या सकाळी तीनेक तासांत तिथे पन्नास मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, त्या भागात ऑगस्टच्या अख्ख्या महिन्यात पडतो त्यातला बराच मोठा भाग. पुढे जाणं शक्य नाही म्हटल्यावर गाडी मागे फिरवायचं ठरलं. गाडीत कर्मचारी धरून नऊ माणसं होती.

परत निघण्याआधी ड्रायव्हरने सिग्नलमनला विचारलं होतं की नेहमीच्या वेगाने जाऊ का. उत्तर आलं, हो, पुढे सगळं ठीक आहे. सिग्नलमनची यात चूक काढता येत नाही. एवढा पाऊस झाला तर वेग कमी ठेवायला सांग, असा हुकूमच त्याच्या हातात नव्हता. पुढच्या पट्ट्यात काही बिघडल्याची खबर नव्हती, आणि खबर नाही म्हणजे रस्ता मोकळा, असा त्या व्यवस्थेचा रिवाज होता. त्या मार्गावरची मर्यादा ताशी १२० किलोमीटर. गाडी ११७ च्या वेगात होती. पाऊस ओसरलेला होता. ९:३७ ला पुढचं चाक रुळावर पसरलेल्या खडी-मातीवर चढलं. तिथे रूळ वळत होता. घसरलेली गाडी वळली नाही, सरळ गेली आणि पुढच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक प्रवासी गेले. उरलेले सहाही जण जखमी झाले.

आता ती खडी कुठून आली ते पाहा, कारण या अपघाताचं मर्म तिथे आहे. डोंगर तुटून पडला नव्हता. उतारावरचं पाणी रुळापासून दूर न्यावं म्हणून त्याच जागी २०१० ते २०१२ च्या दरम्यान एक चारी खोदली होती. चारीत भोकं पाडलेला पाइप आणि वरपर्यंत खडी. पाणी खडीतून झिरपून पाइपात उतरणार आणि पाइप ते खाली नेणार, अशी ती रचना. पण काम आराखड्याप्रमाणे झालं नाही. आराखड्यात नसलेला मातीचा एक बांध उतारावर घातला गेला. त्या दिवशी वरच्या शेतांतून आलेलं पाणी बांधाला अडलं, त्याच्या कडेकडेने वाहत चारीच्या सगळ्यात उभ्या टप्प्यावर एकदम येऊन पडलं आणि चारीतली खडी उपसून घेऊन थेट रुळावर उतरलं. सुरक्षेसाठी टाकलेली खडीच आडवी आली. वरच्या टप्प्याची चारी देखभालीच्या नोंदीत चढलीच नव्हती, म्हणून तिची पाहणीही होत नव्हती. मार्च २०२२ मध्ये तपास अहवाल आला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधले रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलला कोर्टाने ६७ लाख पौंडांचा दंड केला.

आपल्याकडे कालव्याची चारी, बांधबंदिस्ती, ओढ्याचं तोंड या गोष्टी शेतकऱ्याला पाठ असतात. पाणी अडवलं तर ते कुठेतरी निघणारच, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण काम पूर्ण झालं, बिल निघालं, की त्या बांधाकडे परत कोण बघतो? रेल्वेचा उतार असो की शेताचा बांध, हा प्रश्न सारखाच राहतो.

ब्रेकचा हिशेब कागदावर मांडला की बऱ्याच शंका मिटतात. आणीबाणीचा ब्रेक दर सेकंदाला वेगातून ०.८ मीटर प्रति सेकंद एवढा वेग काढतो, असं धरू. सपाट रुळावर ताशी ४० किलोमीटरची गाडी साधारण ७७ मीटरमध्ये थांबते. ६० ची १७४ मीटरमध्ये. ११० ची सुमारे ५८५ मीटरमध्ये. १६० ला हे अंतर सव्वा किलोमीटरवर जातं आणि ३२० ला पाच किलोमीटरच्या आसपास. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. यात अडथळा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचे दोन सेकंद धरलेले नाहीत. ११० च्या वेगात त्या दोन सेकंदांत गाडी आणखी साठेक मीटर पुढे गेलेली असते.

घाटात यावर आणखी एक भर पडते. कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे २८ किलोमीटर, आणि त्यातला मुख्य चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर उंची. सोलापूरहून मुंबईला जाताना आपण हा चढ उतरत असतो. गाडीचं स्वतःचं वजनच तिला खाली ओढतं आणि ब्रेकच्या ताकदीतला जवळजवळ एक तृतीयांश भाग नुसतं ते ओढणं सोसण्यात जातो. म्हणून ६० च्या वेगात सपाटीवर १७४ मीटरमध्ये थांबणारी तीच गाडी इथे २६० मीटर घेते. ४० च्या वेगात ७७ चे ११५ होतात. आणि घाटात दिसतं किती? वळण, बोगद्याचं तोंड, धुकं, वर काचेवर पाण्याचे लोट. पावसाळ्यात शंभर-दीडशे मीटर पुढचं दिसलं तर पुष्कळ. कोकण रेल्वेवर पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक लागतं आणि जोराच्या पावसात नीट दिसेनासं झालं की वेग ताशी ४० वर आणतात, त्याचा उगम याच गणितात आहे. जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. याहून जास्त वेग असेल तर लोको पायलट कितीही तरबेज असो, तो धडक टाळू शकत नाही, फार तर तिचा जोर कमी करू शकतो.

तो जोर कमी करण्यालाही मोल आहे. ४ जून २०२२ ला चीनच्या क्वेइचौ प्रांतात, रोंगच्यांग स्टेशनाच्या अलीकडे, क्वेइयांगहून क्वांगचौला निघालेली वेगवान गाडी बोगद्याच्या तोंडाशी चिखल-दगडांच्या लोंढ्यावर गेली. ड्रायव्हरने पाच सेकंदांच्या आत आणीबाणीचा ब्रेक लावला. गाडी त्यानंतरही नऊशेहून अधिक मीटर घसरत जाऊन फलाटाला घासून थांबली. ड्रायव्हर गेला, सुमारे दीडशे लोकांपैकी बाकी सगळे वाचले. तैवानमध्ये २ एप्रिल २०२१ ला उतारावरच्या बांधकामावरून ट्रक घरंगळून रुळावर आला, त्यावर तारोको एक्सप्रेस आदळली. तिथे ड्रायव्हरच्या वाट्याला सातेक सेकंद आले. ते पुरेसे नव्हते. ४९ माणसं गेली.

मग डोंगर सुटतो कसा? आपल्या घाटाचा डोंगर बेसाल्टचा, एकावर एक थर चढलेला. एक थर घट्ट काळ्या कातळाचा, त्याखाली भोकं-भोकं असलेला ठिसूळ खडक, आणि दोन लाव्ह्यांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा. वरच्या कातळाला उभ्या भेगा असतात. पाऊस त्या भेगांतून उतरतो, तांबड्या पट्ट्याशी येऊन अडतो आणि तो पट्टा मऊ होतो. वरचा कातळ तसाच भरभक्कम असतो, पण त्याचा पाया लोण्यावर आलेला असतो. भेगेत साठलेलं पाणी बाहेरच्या बाजूला रेटा देतं. मातीच्या उतारात हेच कणाकणांत घडतं: कणांमधल्या पोकळीत पाणी भरलं की त्याच्या दाबाने कण एकमेकांवरची पकड सोडतात. म्हणून दरड बहुधा पहिल्या पावसाला पडत नाही. तीन-चार दिवस झड लागलेली असते, डोंगर पाणी पिऊन तुंबलेला असतो, आणि मग एखादी जोराची सर पुरते. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तारखा पाहा. तिन्ही जुलैच्या उत्तरार्धातल्या.

दुसरं कारण पायथा कापणं. मार्केट यार्डात ज्वारीच्या ढिगाच्या बुडातून पायली भरून घेतली की वरची ज्वारी आपसूक खाली येते. रेल्वेसाठी किंवा रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापला की तेच होतं, फक्त डोंगर कधीकधी पन्नास वर्षं थांबतो. बोरघाटातली रेल्वे १८६३ ची. म्हणजे तिथल्या काही कटिंगनी दीडशेहून अधिक पावसाळे सोसले आहेत, आणि दर पावसाळ्यात कातळ थोडा थोडा झिजलेला आहे.

पाणी आभाळातूनच यायला हवं असंही नाही. इटलीत मेरानोजवळ १२ एप्रिल २०१० ला एका छोट्या गाडीवर चिखलाचा लोंढा आला आणि नऊ माणसं गेली. त्यामागे पाऊस नव्हता. रुळाच्या वरच्या सफरचंदाच्या बागांना पाणी देणाऱ्या यंत्रणेतून गळती झाली होती आणि त्या पाण्याने उतार भिजून सुटला होता. जर्मनीत रीडलिंगनजवळ २७ जुलै २०२५ ला जोराच्या पावसात सांडपाण्याचा एक चेंबर ओसंडला, ते पाणी उतारावर गेलं, भराव रुळाकडे सरकला. तीन जण गेले. सोलापूर जिल्ह्यात उसाला, डाळिंबाला, द्राक्षाला पाणी देणारे आपण लोक. रेल्वेच्या भरावालगत शेत असलं तर फुटलेली पाइपलाइन ही नुसती पाण्याची नासाडी नसते. ती त्याच दिवशी बांधली पाहिजे.

घाटात याविरुद्ध जे काम चालतं ते डब्यातून दिसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मध्य रेल्वेची हिल गँग कड्यावर चढते. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वर पक्कं बांधलेलं, हातात पहार. कड्यावरचा एकेक धोंडा तपासायचा. पहारीने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर तो डोंगराला धरून आहे. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे. अशा सुट्या धोंड्यांवर खूण करायची. मग ब्लॉक घेऊन, म्हणजे त्या मार्गावरची वाहतूक ठरावीक वेळ बंद ठेवून, खूण केलेला धोंडा आपल्या हाताने आपल्या वेळेला खाली पाडायचा. तोच धोंडा जुलैमध्ये त्याच्या वेळेला पडला असता. जिथे पाडता येत नाही तिथे कड्यावर लोखंडी जाळी टाकून ती खडकात बोल्ट मारून आवळतात, रुळाच्या बाजूला रूळ उभे रोवून कुंपण करतात, काही ठिकाणी बोगद्याचं तोंड काँक्रीटने लांबवतात, म्हणजे वरून आलेलं त्या छतावरून पलीकडे जाईल. पण या सगळ्याहून स्वस्त आणि जास्त उपयोगाचं काम म्हणजे कटिंगच्या डोक्यावरची पाण्याची चारी साफ ठेवणं. तिला तडा गेला किंवा ती पालापाचोळ्याने तुंबली की सगळं पाणी उतारात मुरतं, आणि मग जाळी, बोल्ट, भिंत यांच्या मागून दाब येतो. संरक्षक भिंतीला खाली जी भोकं ठेवलेली असतात त्यांतून पावसात पाणी गळताना दिसलं तर भिंत नीट काम करते आहे. भर पावसात ती कोरडी असतील तर काळजी करायची.

आणि मग पेट्रोलमन. पावसाळ्यात रात्रभर रुळाच्या कडेने चालणारा माणूस. खांद्याला पिशवी, तिच्यात लाल-हिरव्या झेंड्या, डेटोनेटर, शिट्टी, हातात बत्ती, छातीशी नंबराचा बिल्ला आणि एक वही. आपला पट्टा चालून तो पलीकडच्या पेट्रोलमनला गाठतो, दोघं वह्या बदलतात आणि परत फिरतात. वह्यांवर स्टेशन मास्तरची सही होते. वाटेत दरड दिसली तर पहिलं काम गाडी थांबवायचं. अडथळ्यापासून ६०० मीटरवर रुळाला एक डेटोनेटर बांधायचा, आणि पुढे १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. चाक त्यावरून गेलं की बार होतो आणि लोको पायलट ब्रेक लावतो. बत्ती उंच धरून, पावसात, घसरड्या खडीवरून १२०० मीटर पळायचं. हे काम करणाऱ्यांबद्दल आपण फार कमी बोलतो.

या पद्धतीतला एक नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो. पेट्रोलमन ठरलेल्या वेळेत स्टेशनवर पोचला नाही, तर स्टेशन मास्तरने त्याची वाट बघत बसायचं नाही आणि सगळं ठीक असेल असं धरायचंही नाही. येणारी गाडी थांबवायची, कॉशन ऑर्डर, म्हणजे सावकाश जाण्याचा लेखी हुकूम, द्यायची, आणि मगच तिला सावकाश पुढे सोडायचं. खबर नाही म्हणजे धोका आहे असं धरून चालायचं. कारमाँटला नेमकं उलटं झालं होतं. वेग कमी करण्याचा निर्णय कोणाच्या धाडसावर किंवा अंदाजावर सोडला की पाठीमागून उशिराचा जाब विचारणारे शंभर असतात. नियमच तसा असला की कोणाला धाडस करावं लागत नाही. कारमाँटनंतर नेटवर्क रेलने दोन स्वतंत्र समित्या नेमल्या, एक रॉबर्ट मेअर यांच्या नेतृत्वाखाली उतार-भरावांसाठी आणि दुसरी जुलिया स्लिंगो यांच्या नेतृत्वाखाली हवामानासाठी. जपानच्या रेल्वेत तर रुळालगतच्या पर्जन्यमापकांवर तासाभराचा पाऊस आणि एकूण साठलेला पाऊस असे दोन्ही आकडे बघतात; मर्यादा ओलांडली की वेग उतरतो, आणखी ओलांडली की गाडी थांबते. पाऊस थांबला तरी साठलेला आकडा लगेच शून्य होत नाही, हे त्यात महत्त्वाचं. ऊन पडलं म्हणून डोंगर कोरडा होत नसतो.

कोकण रेल्वेने हे फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलं. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी कटिंगमधून कोसळलेल्या दरडीवर गेली. पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, मत्स्यगंधा एक्सप्रेस महाडच्या बाजूला करंजाडीजवळ दगडांवर आदळून पुलावरून घसरली. त्यानंतर कटिंगचे उतार कमी उभे केले गेले, जाळ्या आल्या, दगड जाळीवर पडला की इशारा देणारा रक्षा धागा आला, चोवीस तासांची गस्त आली. दरडी आजही पडतात. १४ जुलै २०२४ ला दिवाणखवटीजवळ पडली आणि मार्ग बंद राहिला, लोकांचे अतोनात हाल झाले. पण गाडी तिच्यावर गेली नाही.

गाडी घसरल्यावर पुढचं सगळं ती सरळ उभी राहते की नाही यावर ठरतं. चाकाची आतली कड रुळाखाली उतरते ती तीन सेंटिमीटरहूनही कमी. तेवढ्यावर सगळी गाडी रुळाला धरून असते, त्यामुळे रुळावरचा वीतभर गाळही तिला उचलायला पुरतो. साखळी कपलिंगने जोडलेले जुन्या पद्धतीचे डबे धडकेत एकमेकांवर चढायचे. नव्या बनावटीच्या एलएचबी डब्यांची आणि वंदे भारतची कपलिंग डब्यांना ओळीत धरून ठेवतात. पुलावर मुख्य रुळांच्या आत जे आणखी दोन रूळ दिसतात ते घसरलेलं चाक काठाशी जाऊ नये म्हणून. फ्रान्समध्ये २१ डिसेंबर १९९३ ला ओत-पिकार्दी स्टेशनाजवळ टीजीव्ही ही तिथली वेगवान गाडी ताशी २९४ च्या वेगात घसरली आणि तरी कोणी दगावलं नाही; तिचे डबे दोन डब्यांमध्ये एक बोगी (म्हणजे चाकांचा गाडा) अशा पद्धतीने जोडलेले असल्याने ती उभीच राहिली.

ती टीजीव्ही घसरली का, हे सोलापूरकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. तिथे डोंगर नव्हताच. रुळाखाली पहिल्या महायुद्धातल्या खंदकाची बुजलेली पोकळी होती, आणि सततच्या पावसाने ती खचली. सपाट मुलखातला धोका असा पायाखालून येतो.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाऊस आला की ती फुगते. अशा मातीवर किंवा अशा मातीचा भराव घातला तर पहिलाच पाऊस भेगांतून थेट पोटात शिरतो. म्हणून भरावाच्या माथ्यावर, खडीच्या खाली, मातीच्या प्रतीनुसार साधारण अर्धा ते एक मीटर जाडीचा निवडक मुरूम-वाळूचा थर देतात, त्याला ब्लँकेट म्हणतात. आणि भरावाच्या बाजूंना दोनास एक असा उतार ठेवतात. तो थर कमी पडला तर गाड्यांच्या ओझ्याखाली काळा चिखल खडीतून वर यायला लागतो. रुळाखालची खडी एरवी राखाडी-पांढरी दिसते. मध्येच दहा-वीस मीटर काळपट, चिखलाने माखलेली दिसली तर खाली पाणी अडलेलं आहे असं समजावं. सीना-भीमेच्या काठी पुराचा मार वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना अशी चढली की सोलापूर–पुणे महामार्ग लांबोटीजवळ बंद ठेवावा लागला. दुष्काळी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात हे झालं. पूर ओसरताना भराव जास्त धोक्यात असतो, कारण बाहेरचं पाणी उतरतं पण पोटातलं तसंच राहतं आणि बाहेर रेटा देतं.

मुंबई–पुणे–हैदराबाद वेगवान रेल्वेचा सुमारे ७११ किलोमीटरचा जो प्रस्ताव आहे त्यात पंढरपूर आणि सोलापूर आहेत. तो मार्ग झाला तर घाटात बोगदे लागतील आणि इकडे काळी माती ओलांडावी लागेल. मुंबई–अहमदाबाद मार्गासारखी खांबांवरची बांधणी इथेही केली तर भरावाचा प्रश्न बराच सुटेल. पण बोगद्याचं तोंड तर डोंगरालाच असतं, आणि रोंगच्यांगला लोंढा तिथेच आला होता. तीनशेच्या वेगाला थांबायला चार किलोमीटरहून जास्त लागतात, तेव्हा डोळ्यांवर विसंबून चालत नाही. पर्जन्यमापक आणि उतारावरचे सेन्सर सिग्नलला जोडलेलेच हवेत. सोलापुरातून या प्रकल्पाबद्दल काही मागायचं तर स्टेशन कुठे होणार याच्या जोडीने हे मागावं.

आज आपल्या हातात काय आहे तेही सांगतो. खिडकीतून उतारावरून गढूळ पाणी रुळाकडे येताना, खडी वाहून गेलेली, विजेचा खांब कललेला दिसला तर डब्यातल्या टीटीईला किंवा कर्मचाऱ्याला लगेच सांगा. त्यांच्यामार्फत निरोप गार्ड आणि लोको पायलटपर्यंत वॉकीटॉकीवर जातो. कोणी सापडलं नाही तर १३९ लावा. गाडी घसरून थांबली आणि डब्यात आग-धूर नसेल तर शेजारच्या रुळाच्या बाजूने उतरू नका. १६ सप्टेंबर २०१६ ला लंडनजवळ वॉटफर्डच्या बोगद्यात दरडीने घसरलेल्या गाडीला समोरून येणारी दुसरी गाडी घासून गेली होती. बोरघाटात तर तीन मार्ग शेजारी शेजारी आहेत. आणि जागा सांगताना खांबाचा आकडा सांगा. रुळालगतच्या प्रत्येक विजेच्या खांबावर पाटी असते, वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक. तो सांगितला की कंट्रोलला नेमकी जागा कळते आणि मागची गाडी वेळेत रोखता येते. नुसतं "खंडाळ्याच्या पुढे कुठेतरी" म्हटलं तर पेट्रोलमनला अंधारात पाच-सहा किलोमीटर शोधत चालावं लागतं.